‘इतर’ रुपये नऊ हजार चारशे

सोमवार, दिनांक १७ नोव्हेंबर २०२५ रोजी सकाळी साडेआठ वाजता माझ्या हृदयाची बायपास शस्त्रक्रिया होणार, हे डॉ. सम्यक हिवराळे यांनी आज शुक्रवारी दुपारी नक्की केले. तपासण्या आधीच उरकल्यामुळे दाखलही त्याच सकाळी व्हायचे आहे. धोका किती, असे विचारल्यावर त्यांनी आकडा दिला नाही. काळजीचे कारण नाही, एवढेच म्हणाले. तेहतीस वर्षे दुसऱ्यांच्या बातम्या तपासल्यामुळे या वाक्याचे वजन मला माहीत आहे. म्हणून घरी येऊन लगेच हे मृत्युपत्र लिहायला बसलो.

लिहून ठेवणार : खंडेराव फकिरा शिंगाडे, वय ७१, निवृत्त उपसंपादक, मूळ राहणार देवगाव रंगारी, तालुका कन्नड, हल्ली मुक्काम सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर. माझी बुद्धी ठिकाणावर असून माझ्यावर कोणाचे दडपण नाही. याला पत्नी सत्यशीला हिने दुजोरा दिला, मात्र “गाडीचा विषय सोडून” अशी पुस्ती जोडली. ती पुस्ती नोंदवून पुढे जातो.

कलम १. एन-सातमधले राहते घर मी स्वतःच्या पगारातून, एकोणीस वर्षे हप्ते फेडून घेतले. माझ्या पश्चात ते सत्यशीलाच्या एकटीच्या मालकीचे राहील. तिच्यानंतर मुलगा शिवराज याचे. घर विकून पुण्याला या, असे शिवराज दर दिवाळीला म्हणतो. पुण्यात येऊन आम्ही दिवसभर काय करायचे, हे त्याने अजून सांगितलेले नाही. ते लेखी कळवल्याशिवाय सत्यशीलाने घर विकू नये, ही विनंती आहे, अट नाही.

कलम २. बँकेतील मुदत ठेवी सत्यशीलाच्या नावे व्हाव्यात. त्यातून एक लाख रुपये नात श्रेया हिच्या शिक्षणाला द्यावेत. शिक्षण कोणते, हे तिच्या वडिलांनी ठरवू नये.

कलम ३. देवगाव रंगारीच्या शिवारातला माझ्या वाटणीचा सव्वादोन एकराचा तुकडा थोरले बंधू सूर्यभान कसतात. त्यांनी तो हयातभर कसावा, नंतर तो शिवराजकडे यावा. आमच्यात एक जुने दुखणे आहे, ते इथेच मिटवतो. आबांच्या म्हणजे वडिलांच्या शेवटच्या अकरा मेंढ्या दादांनी मला न विचारता विकल्या, तेव्हा मी निवडणुकीच्या निकालाच्या पानावर बसलो होतो. दादांचे म्हणणे असे की विचारून तरी काय, खंडूला आपली मेंढी कोणती हेच ओळखू येत नाही. हे खरे आहे. मात्र प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ते सांगणे त्यांनी आता थांबवावे.

मेंढी ओळखता येत नसली तरी आबांकडून एक गोष्ट मी शिकलो, आणि पुढचे कलम समजायला ती लागेल. आमच्या वाड्यात, म्हणजे मेंढरांमागे फिरणाऱ्या तळावर, चार घरांच्या मेंढ्या राखायला असत. प्रत्येक घराची कानाला कापायची खूण वेगळी. राखणीतली मेंढी मेली किंवा लांडग्याने नेली, तर राखणाऱ्याने खुणेचा कान मालकाला आणून दाखवायचा. कान दाखवला की विषय संपला, मालकाने पुढे एक शब्द बोलायचा नाही. कान नसेल तर मेंढी भरून द्यायची. एका मेंढीच्या कानासाठी आबा सायगव्हाणच्या बाजूला तीन दिवस मागे गेले होते आणि घेऊन आले होते.

कलम ४. पांढरी चारचाकी, माझ्या नावावरची, सध्या मुकुंदवाडीतल्या बद्रीनाथ सोनवणे याच्या गॅरेजमध्ये लिंबाखाली उभी आहे. बिल झाल्यापासून ती तिथे येत्या गुरुवारी दोन वर्षे पूर्ण करील.

गाडी मला चालवता येत नाही. सत्यशीला बासष्टाव्या वर्षी शिकली आणि पहिल्याच खेपेला परवाना घेऊन आली. त्या दिवशी मी चार लोकांत म्हणालो होतो की गाडीला पहिला ओरखडा आला की किल्ली माझ्याकडे. लोक हसले. मी म्हटले ते मनापासून होते.

२०२३ च्या दिवाळीत गाडी चढावर दम टाकू लागली. सत्यशीलाने ती बद्रीनाथकडे नेऊन लावली. बद्रीनाथ आमच्याच गावचा, माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, मला तात्या म्हणतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो. तो तोंडी म्हणाला, बावीस हजारांच्या आत बसेल. कामाच्या कार्डावर मी सही केली. न वाचता केली, हेही इथे लिहून ठेवतो. दहा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, बिल हातात पडले ते असे : क्लच संच ११,२००. टायमिंग बेल्ट ६,४५०. रेडिएटर ७,१००. मजुरी ४,५००. इतर ९,४००. एकूण अडतीस हजार सहाशे पन्नास.

मी त्याला म्हणालो, कान दाखव. तो गावचा असल्यामुळे त्याला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. आतून गोणी आणून त्याने माझ्यापुढे उलटी केली. जुनी क्लच प्लेट होती, चिरलेला पट्टा होता, गळका रेडिएटर होता. मजुरीला कान नसतो, ती मी मान्य केली. राहिले ‘इतर’.

“आणि इतरचा कान?”

त्याने बराच वेळ फडक्याला हात पुसले. म्हणाला, “तात्या, त्याचा कान माझ्याकडं नाय.”

हा मी कबुलीजबाब समजलो. इतर म्हणजे काय, हे त्याने तेव्हाही सांगितले नाही आणि नंतरही नाही. ‘इतर’ या शब्दाखाली नगरपालिकेपासून साखर कारखान्यापर्यंत काय काय झाकले जाते, हे मी जन्मभर पाहत आलो. बद्रीनाथ एवढेच म्हणत राहिला की गाडी घेऊन जा, पैसे सावकाश द्या. “लोखंड हाय ते, उभं राहिलं की खराब व्हतं.” पण गाडी ताब्यात घेणे म्हणजे बिल मान्य करणे, असे माझे मत पडले. म्हणून गाडी मी नेली नाही. त्यानेही उभी ठेवल्याचे भाडे कधी मागितले नाही, त्यामुळे माझा संशय वाढला.

शेजारच्या ॲड. सुलेखा पगारे यांच्यामार्फत मी त्याला तीन नोटिसा पाठवल्या. उत्तर एकाही नोटिशीला आले नाही. सुलेखाताईंची फी आतापर्यंत अकरा हजार झाली. तक्रारीची रक्कम नऊ हजार चारशे आहे, हे त्यांनी मला दोनदा लक्षात आणून दिले. मी म्हणालो, प्रश्न रकमेचा नाही. त्या म्हणाल्या, माझ्याकडे येणारे सगळे हेच म्हणतात.

ग्राहक आयोगात तक्रार करायची मुदत दोन वर्षांची, म्हणजे गुरुवारी, २० तारखेला संपते. सोमवारी माझे काही बरेवाईट झाले तर वाद तसाच सोडला असे होईल. म्हणून या कलमाने सदर वाद, तिन्ही नोटिशींच्या प्रती आणि बिलासह, मी सत्यशीलाच्या हवाली करतो. माझ्या पश्चात तक्रारदार ती. तिने गुरुवारच्या आत तक्रार दाखल करावी, ‘इतर’चा खुलासा शपथेवर मागावा आणि तो मिळेपर्यंत गाडी ताब्यात घेऊ नये. खुलासा मिळाल्यावर गाडी विकून टाकावी.

कलम ५. आबांची लोकर कातरायची कातर शिवराजला. तिचा त्याला काही उपयोग नाही, तरी भिंतीवर लावू नये. आबांची घोंगडी सत्यशीलाला, कारण ती आताही तिच्याच अंगावर असते. माझी लाल पेने ज्याला हवी त्याने न्यावीत, बहुतेक वाळलेली आहेत.

कलम ६. निधनाची बातमी चार ओळींत द्यावी. वय बरोबर छापावे. ‘मनमिळाऊ स्वभावाचे होते’ असे लिहू नये. बद्रीनाथही पेपर वाचतो.

येथवर शुक्रवारी रात्री जेवणाआधी लिहून झाले.

कलम ७. (शनिवार.) मृत्युपत्रात खाडाखोड नको, आधीचे रद्द करायचे तर नवे कलम लिहा, असे सुलेखाताईंनी बजावले आहे. म्हणून वरचे कलम चार जसेच्या तसे ठेवून हे लिहितो. ते वाचणाऱ्याने माझी कीव करावी, हरकत नाही.

सकाळी सत्यशीलाला कच्चा मजकूर वाचायला दिला. तक्रारदार ती असणार, तेव्हा तिला माहीत असावे एवढाच हेतू होता. ओट्याशी उभी राहून तिने सगळा वाचला. कलम चारपाशी परत आली आणि ते पुन्हा वाचले. मग गॅस बंद केला, चहा गाळला, माझा कप माझ्यापुढे ठेवला आणि आतल्या खोलीत गेली. तिच्या पत्र्याच्या पेटीचे झाकण वाजले. जुन्या टॉवेलात गुंडाळलेली एक वस्तू आणून तिने कपाशेजारी ठेवली. गाडीचा मागचा दिवा होता, उजव्या बाजूचा. काच अर्धी होती.

“हा घ्या तुमच्या इतरचा कान,” ती म्हणाली.

पुढचे तिने बसून सांगितले, ते थोडक्यात असे. त्या दिवाळीत गुलमंडीवरून श्रेयाला परकर-पोलक्याचे कापड घेऊन ती शहागंजात आली. घड्याळाच्या मनोऱ्यापाशी गाडी मागे घेताना लोखंडी खांब लागला. दिवा फुटला, बंपर तुटला, डिकीचा पत्रा आत गेला. गाडी दम टाकते आहे हे निमित्त होतेच, म्हणून तशीच थेट बद्रीनाथकडे नेली. त्याला म्हणाली, हे आधी नीट कर, यांना सांगू नको, याचे पैसे मी माझे देईन. दुसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये पोहोचलो तेव्हा गाडीची मागची बाजू भिंतीकडे होती. बिल करणाऱ्याने ते पैसे वेगळे न ठेवता माझ्याच बिलात घातले, आणि नाव काय द्यावे हे न सुचून ‘इतर’ लिहिले. ते कागद तिच्याआधी माझ्या हातात पडले.

मग सांगितले का नाहीस, असे मी विचारले. तिने किल्लीची आठवण दिली. चार लोकांत म्हणालेले वाक्य तिने शब्द न चुकवता परत म्हणून दाखवले.

“पहिल्या आठवड्यात सांगणार होते. तुम्ही वकील गाठलात. मग नोटीस गेली. मग दुसरी. दर खेपेला सांगायचं अवघडच होत गेलं.”

“आणि दोन वर्षं रिक्षानं फिरलीस.”

“किल्ली गेली असती तरी रिक्षाच होती.” मग म्हणाली, “दिवा टाकून देणार होते. पण मामंजी सांगायचे ना, कान टाकायचा नाही, कधीतरी दाखवावा लागतो.”

मामंजी म्हणजे माझे आबा. त्यांची पद्धत त्यांच्या मुलाने नोटिशीत वापरली आणि सुनेने पेटीत जपली. यात कोणाची बाजू बरोबर, हे मला ठरवावे लागत नाही. कान दाखवला की मालकाने पुढे एक शब्द बोलायचा नाही.

मी बद्रीनाथला फोन केला. दोन वर्षांनी माझा नंबर पाहून तो आधी घाबरला. त्याला विचारले, तू तरी का बोलला नाहीस?

“काकू म्हणल्या व्हत्या, मी सांगंन तवा सांगंन. मग मी कसं सांगू? तुमच्या तिन्ही नोटिशी फाइलला लावून ठेवल्यात, तात्या. लई चांगलं मराठी हाय त्यात.”

सबब कलम चार या कलमाने रद्द समजावे. गाडी, तिची किल्ली आणि तिच्यावरचे आजवरचे व इथून पुढचे सर्व ओरखडे सत्यशीलाचे, पूर्ण मालकीहक्काने. किल्लीबाबत चार लोकांत घातलेली अट मी माझ्या हयातीत आणि पश्चातही मागे घेतो. त्या चारपैकी दोघे आता नाहीत, उरलेल्या दोघांना कळवण्याची जबाबदारी माझी. आयोगात कोणतीही तक्रार दाखल करू नये. बिलाची पूर्ण रक्कम, ‘इतर’सह, मी आज चेकने दिली आहे. गाडी उभी ठेवल्याचे भाडे घे म्हटले, तर त्याने नाही म्हटले. त्याबद्दल मला आता कोणताही संशय नाही.

कलम ८. (रविवार.) व्यवस्थापक म्हणून शिवराज याला नेमतो. साक्षीदार म्हणून सुलेखाताईंना बोलावले, आणि दुसरा म्हणून बद्रीनाथला. साक्षीदाराने मजकूर वाचायलाच हवा असे नाही, तुमची सही होताना पाहिली की पुरे, असे ताईंनी त्याला समजावले. त्याने ऐकले नाही. तात्यांनी माझ्या कार्डावर न वाचता सही केली म्हणून काय काय झालं ते मी बघितलंय, असे म्हणून तो चष्मा लावून बसला. पाऊण तास वाचत होता. कलम सहापाशी एकदा हसला. साक्षीदाराला मृत्युपत्रात काही देणे टाळावे, असे ताईंचे मत पडल्यामुळे आबांची कातर बद्रीनाथला आजच हातोहात दिली; कलम पाचमधील कातरीचा मजकूर रद्द समजावा. त्याने कातर उघडून-मिटून पाहिली आणि तिला तेल मागितले.

पुढे अपेक्षित आहे ते असे. गाडीला नवी बॅटरी आणि चारही चाकांना हवा घालून बद्रीनाथ आज संध्याकाळी ती दारात आणून लावणार आहे. सोमवारी सकाळी सात वाजता सत्यशीला मला गाडीने रुग्णालयात नेईल. मी शेजारी बसेन आणि वाटेत काही बोलणार नाही, असे तिने माझ्याकडून कबूल करून घेतले आहे. बॅटरीचे बिल मंगळवारी येईल. मी शुद्धीवर असलो तर ते मी पाहीन, नसलो तर सत्यशीला पाहील. जुनी बॅटरी बद्रीनाथ डिकीत ठेवून देणार आहे.

स्थळ : सिडको एन-सात, छत्रपती संभाजीनगर
दिनांक : १६ नोव्हेंबर २०२५, रविवार, दुपारी सव्वाबारा

लिहून ठेवणार :
(सही) खंडेराव फकिरा शिंगाडे

वरील सही आमच्यासमोर झाली, आणि आम्ही त्यांच्यासमोर केली :

१. (सही) ॲड. सुलेखा पगारे, सिडको एन-सात. या कामाची फी घेतलेली नाही.

२. (सही) बद्रीनाथ सोनवणे, मुकुंदवाडी. सगळं वाचून सही केली.