टीसी आधी जमा करा

१९ जून
लोह्याकडची खेडी करून लातूरला परत. एस.टी.नं पाठीचा पार भुगा केला. आम्ही म्हणे गणिताचे प्राध्यापक! उन्हाळ्यात काम एकच, दहावीला चांगले मार्क पडलेली पोरं हुडकायची आणि पटवून आपल्या कॉलेजात आणायची. लातूर जिल्हा झाल्यापासून संस्थेच्या अंगात आलंय. बोर्डाच्या यादीत आपलंच नाव पाहिजे.
काल एक हिरा सापडला. सुमन. चौऱ्याऐंशी टक्के. वडील नाहीत, आई दुष्काळी कामावर खडी फोडते. तिथंच जाऊन भेटलो. नांदेडच्या कॉलेजचा फॉर्म भरून तयार होता. मी आपलं माहितीपत्रक वाचून दाखवलं : गुणांनुसार पहिल्या पाच जणांना शिष्यवृत्ती, फी, हॉस्टेल, मेस सगळं माफ.
आई म्हणाली, "खरं हाय का मास्तर हे?"
म्हटलं, छापलेलं आहे बाई.

२४ जून
मायलेकी आल्या. मीच पुढं होऊन सगळं केलं. टीसी आधी जमा करा, म्हणजे जागा पक्की, असंही मीच सांगितलं. आईनं पदराच्या गाठीतून शाळा सोडल्याच्या दाखल्याची घडी काढून माझ्या हातात दिली. मी ती ऑफिसात गफूरभाईंकडं दिली, पावती घेतली. गुणांच्या यादीत सुमन दुसरी. फार दिवसांनी काहीतरी बरं केल्यासारखं वाटलं.

८ जुलै
पाऊस नाही. हॉस्टेलला टँकर, मुलीमागं दोन बादल्या. शिष्यवृत्तीची यादी अजून लागली नाही. रेक्टरबाई सुमनकडं मेसचा ॲडव्हान्स मागून राहिल्या. सांगितलं, थांबा जरा, तिचं माफ होणार आहे.

१५ जुलै
शिष्यवृत्ती समितीची बैठक. मी सदस्य. चहा, बिस्किटं.
प्राचार्यांकडं दोन याद्या. एकीत ज्यांची टीसी जमा झाली ती मुलं. दुसरीत जी अजून नांदेड, औरंगाबाद, पुणे असं बघून राहिलीत ती. पाचपैकी चार शिष्यवृत्त्या दुसऱ्या यादीला! पाचवी पहिल्या नंबरच्या पोराला, फोटोपुरती.
मी म्हणालो, सर, सुमन दुसरी आहे.
"ती आलीय ना? टीसी आपल्या कपाटात आहे. आता ती कुठं जाणार? जी येणार नाहीत त्यांना आणायसाठी असते शिष्यवृत्ती."
माहितीपत्रकाचं नाव काढलं. त्यांनी तळाची ओळ दाखवली, 'अंतिम निर्णय समितीचा'. ती सुमनच्या आईला वाचून दाखवायची राहिलीच होती माझी.
समितीनं एकमतानं, वगैरे. मीही सही केली. नोकरी अजून पक्की नाही माझी. हे इथं तरी खरं लिहितो.

१६ जुलै
गफूरभाई वीस वर्षांपासून ऑफिसात. म्हणाले, "तुमीच घाई केली ना सर. आमच्या भाच्याची टीसी म्या शेवटच्या दिवसापर्यंत घरी ठेवली. दोन कॉलेजवाले घरी येऊन बसले. ज्याची टीसी हातात, त्याचीच इज्जत."
बावीस गावं फिरलो आणि प्रत्येक ठिकाणी उलटंच सांगत आलो. लाज वाटते.

१८ जुलै
सुमनला सांगितलं. रडली नाही. एवढंच विचारलं, "म्हंजे माझ्याहून कमी मार्कवाल्याला मिळाली?"
हो म्हणालो. मेसचा ॲडव्हान्स भरला नाही म्हणून तिचं ताट सोमवारपासून बंद. मी भरतो म्हणालो, तर "नगं सर".

२१ जुलै
नांदेडच्या कॉलेजात माझा जुना सोबती शिकवतो. ट्रंक कॉल लावला. तिथं मुलींच्या मेरिटमध्ये सुमन पहिली येते, हॉस्टेल माफ. शनिवारपर्यंत जागा धरतो म्हणाला, पण अस्सल टीसी पाहिजे.
प्राचार्यांकडं गेलो. टीसी परत द्या म्हणालो.
"एक सोडली की उद्या पंधरा जातील. तुम्ही कोणाच्या बाजूनं आहात?"
या प्रश्नाला मी चक्क हसलो. पगाराच्या बाजूनं, दुसरं काय.

२३ जुलै
आज तर हद्द झाली. सुमनच्या वाट्याची शिष्यवृत्ती ज्याला दिली, त्या नांदेडच्या डॉक्टरच्या मुलाला पत्र नेऊन द्यायला मलाच पाठवलं. भर दुपारी ऑटोतून त्यांचं घर हुडकलं. पाणी दिलं, थंडगार. डॉक्टर पत्र न वाचताच म्हणाले, "आमचं पुण्याचं चाललंय. राहू द्या नाव यादीत, बघू."
मुलगा बाहेरसुद्धा आला नाही.

२४ जुलै
गफूरभाईंनी वाट सांगितली. कपाटातली टीसी निघणार नाही. पण शाळा सहीशिक्क्याची दुसरी प्रत देते, ती नांदेडला चालते, पालकानं 'पहिली हरवली' असं शपथपत्र केलं तर. लगेच स्टँप पेपर आणला, मजकूर मीच लिहिला. प्रवासात गहाळ झाली, शोधूनही सापडली नाही. अक्षर छान आलं. सुमनच्या आईला निरोप धाडला.

२५ जुलै, शुक्रवार
आई आली. हाताला खडीच्या जखमा, फडकं बांधलेलं. कोर्टासमोरच्या स्टँपवाल्याच्या टपरीवर बसलो. सुमननं कागद मोठ्यानं वाचला. मी शाईचा पॅड पुढं केला.
बाईंनी अंगठा मागं घेतला.
"हरवली म्हून शपथ घिऊ? म्या तर ह्याच हातानं तुमच्या हातात दिली न्हवं, मास्तर."
म्हटलं, बाई, दुसरा इलाज नाही, पोरीचं वर्ष जाईल.
"मंग तुमीच ल्ह्या की तुमच्या नावानं, 'माझ्याकडनं हरवली' म्हून."
सुमन माझ्याकडं बघत होती. मी पॅड बंद केला, परत उघडला. तसं लिहिलं तर उद्याच घरी बसवतील मला.
साडेचारची लोह्याची गाडी होती. बाईंनी कोरा अंगठा पदराला पुसला, शपथपत्राची घडी करून गाठीत बांधली आणि दोघी उठल्या. उद्या शनिवार. टपरीवाल्याकडून दुसरा स्टँप पेपर घेतलाय. अजून कोराच आहे.