रक्तातला आकडा

बाबा, धाकट्याच्या यकृतात सोनोग्राफीला गाठ दिसली आहे. परवा त्यानं मला रिपोर्ट दाखवला आणि म्हणाला, "ताई, तू सांगशील त्या डॉक्टरकडे जातो. फक्त बाबांच्या त्या मॅडमकडे नाही." का नाही ते मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. तुम्हाला ठाऊक नाही, म्हणून आज लिहायला बसले आहे.

तुमच्या यकृताच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं तेव्हा, तुमच्यावर उपचार करणाऱ्या मॅडमच्याच प्रयोगशाळेत मी तात्पुरती टेक्निशियन होते. तिथे अभ्यास चालू होता: यकृताच्या कॅन्सरचे रुग्ण, आणि त्यांच्या रक्तातला एक ग्रोथ फॅक्टर, म्हणजे वाढीला चालना देणारा पदार्थ. गाठ तो सोडते आणि स्वतःकडे नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. तो जास्त असलेल्यांचा आजार ऑपरेशननंतर लवकर परततो का, एवढाच अभ्यासाचा प्रश्न होता. कुठली नळी कुणाची हे आम्हाला कळू नये म्हणून नळ्यांवर नावं नसत, फक्त क्रमांक. पण त्याच अभ्यासासाठी तुमचं रक्त घेताना शीर सापडेना तेव्हा वॉर्डातल्या सिस्टरनं मलाच हाक मारली. रक्त मी काढलं आणि क्रमांकही मीच पाहिला. तो मला माहीत आहे हे त्याच दिवशी मॅडमना सांगायला हवं होतं. उद्या सांगू म्हटलं आणि राहून गेलं.

दीड महिन्यानं त्या नळ्या तपासणीला निघाल्या. प्लेटच्या छोट्या छोट्या खाचांमध्ये, प्रत्येक नळीसाठी शेजारच्या दोन, रक्तजल आणि मग रसायनं घालायची, शेवटी आम्ल टाकलं की निळा रंग पिवळा होतो. जितका गडद, तितकं प्रमाण जास्त. मी आम्ल टाकत पुढे सरकते आहे. फिकट, फिकट, जरा गडद, फिकट. आणि मग शेजारशेजारच्या दोन खाचा हळदीसारख्या पिवळ्या होतात. यादी न बघताच मला कळतं त्या कुणाच्या. तरी यंत्रावर प्लेट दोनदा वाचून घेतली. रक्त गोठताना पेशींमधूनही हा पदार्थ बाहेर पडतो, त्यामुळे आकडा फुगला असेल, असं स्वतःला समजावत बसले. मग बाकीच्या नळ्याही तशाच गोठल्या होत्या हे आठवलं.

तुम्ही तेव्हा खडकीला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये विश्रांतीवर होतात. आई जाऊन तीन वर्षं झाली होती आणि डॉक्टरांनी बजावूनही झुणका तुम्हीच करायचात, स्टुलावर बसून. धाकट्याला कंपनीनं अमेरिकेला पाठवायचं ठरवलं होतं, वर्षभरासाठी. त्याची बॅग भरून ठेवलेली होती आणि तो जातही नव्हता, नाहीही म्हणत नव्हता. त्या सकाळी तो व्हिसाच्या कामाला बाहेर पडला आणि तुम्ही कढईखालचा गॅस बंद केलात.

"तुह्या मशीनीत माझं बी रक्त गेलं ना?"

कारखान्यात तुम्ही पुण्याची मराठी बोलायचात, घरात मात्र अमरावतीची. मी म्हटलं, "बाबा, तो अभ्यास आहे. शंभर माणसांचा आकडा एका माणसाला लावत नाहीत."

तुम्ही हसलात. तुमचा जन्म कारखान्याच्या तपासणी खात्यात गेला होता. थोडे नग मोजून अख्खा लॉट पास करायचा की नापास, हे तुम्ही ठरवत आला होतात. "ते मले समजते. पण मी काही लॉट नाही, मी एक नग आहो. पोट्ट्याले जाऊ देऊ का थांबवू, एवढंच सांग. वर्षभर जगत असीन तर जाऊ दे त्याले."

दहावीत मी मैत्रिणीच्या वहीतून प्रयोगाची मापं उतरवली होती, तेव्हा तुम्ही अख्खं पान फाडलंत आणि मला पुन्हा मोजायला बसवलंत. त्याच माणसाच्या तोंडाकडे बघत मी म्हणाले, "आकडा चांगला आहे बाबा. जाऊ द्या त्याला."

तुम्ही बराच वेळ माझ्याकडे पाहिलंत. मग म्हणालात, "बरं झालं," आणि गॅस पुन्हा लावलात.

तो गेला. चौथ्या महिन्यात तुमचं पोट फुगू लागलं आणि स्कॅनमध्ये सगळीकडे ठिपके दिसले. त्याला बोलावलं, पण तो पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. तिसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत शिरला आणि टेबलावर हात आपटून ओरडला, "तुम्ही बाबांचं रक्त तपासलं होतं, तुम्हाला माहीत होतं! एका शब्दानं सांगितलं असतं तर मी गेलो नसतो!" मॅडम म्हणाल्या, "अहो, एका माणसाचं असं आधी सांगता येत नाही." त्यांचं खरं होतं. पुढे अभ्यास संपला तेव्हा जास्त आकडेवाल्यांपैकी पुष्कळजण लवकर गेलेले निघाले, पण काही जण वर्षानुवर्षं तपासणीला येत राहिले. तुम्ही त्यांतले असू शकला असतात. धाकटा ओरडत होता तेव्हा मी मात्र दाराशी उभी होते आणि गप्प होते.

काल पाषाणला त्याच्या घरी गेले. चहा ठेवायच्या आत सांगून टाकलं, नाहीतर पुन्हा राहिलं असतं. आकडा मी पाहिला होता, बाबांनी विचारलं होतं, खोटं मी बोलले. तो खिडकीशी जाऊन पाठ करून उभा राहिला.

"बाबांनी विचारलं होतं? माझ्याबद्दल?"

"हो."

"आणि तू मला इतकी वर्षं त्या बाईंना शिव्या देऊ दिल्यास."

मी हो म्हटलं. तो वळला. "का बोललीस खोटं?"

"बाबांना धीर मिळावा म्हणून. आणि तुझं अडू नये म्हणून."

त्यानं डोळे पुसले, आणि मॅडमची वेळ घ्यायला सांगितलं. गुरुवारी आम्ही दोघं जाणार आहोत.

बाबा, त्याला दिलेलं कारण खरं नाही. त्या सकाळी तुमच्यासमोर मला धीर आठवला नाही की धाकटाही नाही. आकडा वाईट आहे म्हटलं असतं तर तुम्ही सरळ मॅडमकडे गेला असतात, मी क्रमांक ओळखून पाहिला हे उघड झालं असतं, आणि माझी नोकरी गेली असती. मी नोकरीला घाबरले. हा कागद गुरुवारी तो मला न्यायला येण्याआधी फाडून टाकणार आहे. हे त्याला सांगायचं बळ अजून माझ्यात नाही.