तेलाचं झाकण

आई, तुला आज एक चांगली बातमी सांगायला बसलेय. ती तुला अजिबात आवडणार नाही, म्हणून मला जास्तच मजा येतेय. माझी नात, थोरल्याची मुलगी, विमानं दुरुस्त करते. विमानतळावर मोठी शेड असते, तिथे ती हात काळे करते आणि घरी येऊन माझ्याच टॉवेलला पुसते. तू असतीस तर म्हणाली असतीस, पोरीच्या जातीला कशाला हवेत हे धंदे. बरं झालं, नाहीस. तर बातमी अशी, की तिच्या हातून चूक झाली असं तिला वाटलं, ते तिने आपल्या तोंडाने साहेबाला सांगितलं आणि साहेबाने तिला शाबासकी दिली. परत वाच हवं तर. शाबासकी.

झालं काय, ती सकाळची पाळी करून दुपारी जेवायला घरी आली. आम्ही आता घोडपदेवला राहतो. लालबागची आपली खोली पाडली, तिथे टॉवर झालाय, खाली मोबाईलचं दुकान आहे. ते असो. मी तिला बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. बांगडे आता काय भावाने मिळतात ते सांगत नाही, दुसऱ्यांदा मरशील. दोन घास खाल्ले आणि तिचा हात थांबला. "आजी, मी तेलाचं झाकण लावलं का गं?" मी म्हटलं, बरणी तर बंद आहे. "तुझं नाही गं, इंजिनचं!" विमानाच्या इंजिनात तेल घालतात, मग झाकण फिरवून घट्ट बसवायचं. ती तेच करत होती, तेवढ्यात कोणीतरी सहीसाठी हाक मारली. ही गेली, सही करून आली आणि इंजिनावरचं बाहेरचं दार लावून टाकलं. आतलं झाकण बसवलं होतं की नव्हतं, आठवेना. ते सैल राहिलं तर वर आकाशात तेल निघून जातं आणि इंजिन बंद पडू शकतं. विमान तर माणसं भरून निघायच्या बेतात होतं. हिची नोकरी अजून कायम झालेली नव्हती. पोरगी पांढरी पडली. पण तिने खरकट्या हातानेच फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं.

विमान थांबवलं. आत बसलेले लोक चिडले, कोणी म्हणे ओरडून ओरडून व्हिडिओ काढत होता. इंजिनाचं दार उघडून बघतात तर झाकण घट्ट. तिने लावलेलंच होतं, नुसती आठवण राहिली नव्हती. आता तू मला सांग, तू काय केलं असतंस? तू तिला दोनदा डागलं असतंस. एकदा विसरली म्हणून आणि एकदा विसरली नव्हती म्हणून. त्या साहेबाने काय विचारलं माहितीये? "जेवलीस का?" आणि मग, "हाक कोणी मारली होती?" हाक मारणाऱ्याला शिव्या द्यायला नाही हं. आता त्यांनी तिथे लाल फीत लावायची ठरवलीय. झाकण उघडं असलं की फीत लटकलेली असते, ती दिसली की त्या माणसाला कोणी हाक मारायची नाही. नात म्हणते, माणूस चुकणारच असं धरूनच आम्ही कामाला हात लावतो. पान्यांच्या पेटीतसुद्धा एकेका पान्याच्या आकाराचा खड्डा असतो. खड्डा रिकामा दिसला की विमान हलत नाही, पाना सापडेपर्यंत. कोणी केलं हे नंतर, कसं झालं हे आधी.

तुझं नेहमी उलटं. "कोणी केलानी?" एवढंच तुला येत होतं. गिरणीतल्या माणसांची खानावळ चालवायचीस, पंगतीमागून पंगत उठायची, लोक तुला मावशी मावशी करत वाकायचे. तू मिरवायचीस, माझ्या खानावळीत काही बिघडत नाही म्हणून. कसं दिसेल बिघडलेलं? कप फुटला तर आम्ही दोघी बहिणी तुकडे पोलक्यात घालून गटारावर नेऊन टाकायचो. डाळ लागली तर वरची वर काढून खालची कोळशासारखी स्वतः गिळायचो. सांगितलं तर उलथणं चुलीत तापायचं. मला मनगटावर डागलंस त्याच्या दुसऱ्या दिवशी हातभर हिरव्या बांगड्या आणल्यास, आणि मी खूश झाले, शेजारणींना दाखवत फिरले. मला वाटलं तू लाड करतेस. तू डाग झाकत होतीस.

आता ऐक. तो पितळी स्टोव्ह. धाकटी त्याच्याजवळ भाकऱ्या करत होती आणि भडका उडाला. तू जन्मभर त्या स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याला शिव्या दिल्यास, भर नाक्यावर त्याची गचांडी धरलीस. त्याने दुकान हलवलं तुझ्यामुळे. त्याचा काही संबंध नव्हता. आदल्या दिवशी घासताना धाकटीच्या हातून तो मोरीत पडला होता. टाकीच्या सांध्यातून रॉकेल पाझरायला लागलं. तिने साबण लावून बुजवला, पुसला, जागेवर ठेवला आणि कोणाला बोलली नाही. मलाही नाही. इस्पितळात, सगळं अंग पांढऱ्या फडक्यात, तिने मला वाकायला लावलं. मला वाटलं पाणी मागतेय. तुटक तुटक सगळं सांगितलं आणि म्हणाली, "आईला सांगू नको हां, माझ्या हातून पडला." भाजून मरत होती आणि तुझ्या उलथण्याला भीत होती. मी नाही सांगितलं. तू रडत रडत छाती पिटायचीस, "बोलली का नाही गो माझी बाय, बोलली का नाही", तेव्हा मी तुझ्याकडे बघत बसायचे. मला तुझी दया यायची नाही. आजही येत नाही. आज सांगितलं, कारण तिथे वर तुला ती भेटली असेल तर तीही बोलली नसेल, मला खात्री आहे.

नात कायम झाली, पेढे आणले. आता नवीन येणाऱ्या मुलांपुढे उभी राहून ही झाकणाची गोष्ट सांगते, हसत हसत. त्यात एक वाक्य असतं, "घरचं एक माणूस मला फोन करू देत नव्हतं." ते माणूस मी. तिने फोन घेतला तेव्हा मी तिचं मनगट धरलं होतं, दोन्ही हातांनी. म्हटलं, "कोणी पाहिलं का? नाही ना? मग गप जेव." तिने हात सोडवून घेतला. परवा भाजी निवडताना तिने विचारलं, "आजी, तू तेव्हा मला का धरलंस गं?" आता एवढी म्हातारी झाले, नातीला काय भ्यायचं. मी म्हटलं, "ताट सांडेल म्हणून."

हे पत्र गादीखाली ठेवतेय. तिथे ती बघत नाही.