कैदेतल्या अन् बेपत्ता जवानांचा दिवस

मी, जाईबाई कचरू वाघमारे, वय पन्नास, धंदा शेती, राहणार पाली, जिल्हा बीड. दम्याने छाती भरते, डोके मात्र लख्ख आहे. कोणाच्या धाकाने वा भिडेने नव्हे, माझ्या राजीखुशीने हे मृत्युपत्र सांगते. वकील राधाकिशन यांनी ते लिहून मला वाचून दाखवले.

१. राहते घर मी माझे पती, फौजेतले नाईक कचरू यांना देते. वकीलसाहेब थांबले. "बाई, ते एकाहत्तरच्या लढाईत बेपत्ता झाले. कायद्यानं आता..." मी म्हणाले, "कायद्याचं कायद्यानं बघावं. तुमी लिहा." ते येईपर्यंत घर मुलगी भामा हिने वापरावे, न आल्यास तिचेच.

२. बिंदुसरा नदीकाठचे शेत भामाला. ते बळकावण्यासाठी दीर जालिंदर यांनी मला विधवा ठरवून कुंकू पुसायला सांगितले होते. मी पुसले नाही. त्यांनी बांधावरचे आंबे खुशाल खावेत, बांध मात्र सरकवू नये.

३. माझा खडी फोडायचा हातोडा सुग्रीव यांना. बहात्तरच्या दुष्काळात आम्ही बाया सडकेच्या कामावर होतो. दहा डिसेंबरला गावचा जवान सुग्रीव शत्रूच्या कैदेतून सुटून आला. कोणीतरी ओरडले, "हात वर करून जगला बे!" पोरगा मान खाली घालून उभा राहिला. मी त्याला पाणी दिले. "पी, लेकरा. कैद सोसून आलास, लाज कावून वाटावी?" मग विचारले, "आमचे दिसले का रं तिथं?"

"न्हाई, काकू. पर हरवलेल्यांची नावं आमी रोज घेत होतो."

मग त्या दिवशी एकाही बाईने हातोडा उचलला नाही. मुकादम ओरडत राहिला. पालीने हा दिवस पहिल्यांदा पाळला तो असा.

४. दूध संस्थेतला माझा भाग भामाला. माझी संचालकाची खुर्ची मात्र तिने निवडून येऊन मिळवावी. हा दिवस संस्थेने पाळावा, असे मी वार्षिक सभेत मांडले, तेव्हा चेअरमन मोहनराव हसले होते. "मेलेल्याला पुण्यतिथी, जित्याला वाढदिवस. तुमच्या माणसाला कंचा दिवस द्यायचा?"

मी उठले. "तेच तर मागायले! जो मेला न्हाई अन् आलाबी न्हाई, त्याचा दिवस!"

आधी बायांचे हात वर गेले, मग सगळ्यांचे. हा दिवस देशभर पाळावा, असा ठराव यंदा पंचायत समितीत खुद्द मोहनरावांनी मांडला. एकमताने मंजूर होऊन तो दिल्लीला गेला. म्हणून माझी सर्वांत दुधाळ म्हैस मी त्यांना देते. लाथ मारते, जपावे.

५. यंदा विहिरी कोरड्या, तरी दहा डिसेंबरला पार नांदूरघाटहून माणसे आली. विहारासमोर सुग्रीवने जिल्ह्यातल्या बेपत्ता जवानांची नावे पुकारली. प्रत्येक नावाला, हजेरी द्यावी तसा, अख्खा जमाव गरजला, "हाय!" कचरूचे नाव आले तेव्हा माझा दमा कुठे पळाला कोण जाणे. मी सगळ्यांच्या वर ओरडले.

६. मी गेल्यावर रडारड नको. दिल्लीने दिवस जाहीर केला तर गुलाल उधळा. नाही केला तरी नावे पुकारणे थांबवू नका. पाली पुढे निघाली आहे, देश येईल मागून.

सही: जाईबाई कचरू वाघमारे
साक्षीदार: हरिबा जोगदंड, शहादेव नाईकवाडे
पाली, २४ डिसेंबर १९८६