जाळीला काळा रंग

प्रिय ठमे,

परवाचं मागाहून लिहिते. आधी जाळीचं लिहू दे, नाहीतर हाही कागद आधीच्या तीन कागदांसारखा चुरगाळून टाकीन. सकाळपासून दोनदा झाडलोट केली, धुतलेले कपडे पुन्हा धुतले. हाताला चैन नाही.

बाबा हल्ली अंगणातल्या तंबूत असतात. आजारपणानंतर खोलीत त्यांचा जीव घुसमटतो. डॉक्टर म्हणाले, मोकळी हवा हवी, पण डास चावता कामा नयेत. आमच्या कारखान्यात एका तंबूची शिवण वाकडी गेली होती (मीच घातलेली!), तो मालकांनी देऊन टाकला. चारी बाजूंना जाळी, पण पांढरीशुभ्र. ऊन पडलं की अशी चकाकायची की आतून पलीकडचं काही दिसेना. जन्मभर बस चालवलेला माणूस, समोर रस्ता नाही म्हटल्यावर चिडणारच. “धुक्यात उभी केलीस माझी गाडी,” म्हणून रोज डोकं खायचे.

कारखान्यातल्या रंगारीणबाई म्हणाल्या, काळी कर, काळ्या जाळीतून नजर आरपार जाते. मला पटेना. तरी एक तुकडा रंगवून डोळ्यांसमोर धरला, तर समोरच्या भिंतीवरची मुंगीसुद्धा दिसली! मग सगळी जाळी उसवली. मोठ्या पातेल्यात पाणी तापवलं, नायलॉनचा रंग आणि व्हिनेगर घातलं, उकळी फुटू न देता तासभर काठीने ढवळत राहिले. पहिल्या खेपेला वांग्यासारखी जांभळी झाली, दुसऱ्या खेपेला काळीकुट्ट. नखं अजून काळी आहेत माझी. परत शिवून दिली, तेव्हा बाबा आत बसून रस्ता न्याहाळू लागले. मग म्हणाले, “दूधवाल्याच्या सायकलचं मागचं चाक हलतंय. सांग त्याला.” मी हसत सुटले.

आता परवाचं. पाच वर्षांनी तू फाटकाशी आलीस आणि मी तुला आतही घेतलं नाही. “बाबा झोपलेत, आणि तुझं तोंड बघायचं नाही म्हणतात,” मी म्हणाले. तू माझ्या खांद्यावरून तंबूकडे पाहिलंस. बाहेरून काळ्या जाळीच्या आतलं काही दिसत नाही. तू वळलीस. ठमे, बाबा तसं कधीच म्हणाले नव्हते. आईच्या शेवटच्या वर्षी तू नोकरीसाठी निघून गेलीस, तिचं सगळं मी एकटीने काढलं, तो माझा राग मी बाबांच्या तोंडी घातला. तू कोपऱ्यावरून दिसेनाशी झालीस तेव्हा, खरं सांगते, मला बरं वाटलं.

चहा घेऊन तंबूत गेले, तर ते टक्क जागे. “किती वाळली गं ती,” म्हणाले. मग, “फाटकातूनच परत का गेली?” मी कप त्यांच्या पुढ्यात ठेवला. चहा तसाच निवला. काल दिवसभर दोघं एकमेकांची नजर चुकवत राहिलो. आज सकाळी राहवलं नाही, सगळं ओकून टाकलं. वाटलं, ओरडतील. नुसते म्हणाले, “मला सांगून काय उपयोग? तिला सांग.”

म्हणून लिहितेय. ये. माझ्याशी भांडायचं असेल तर भांड, पण आत येऊन भांड.

तुझीच, तुझ्याशी खोटं बोललेली,
ताई