चावडीतला रेडिओ तलावावर

१४ नोव्हेंबर १९७२, मंगळवार
नगरहून परिपत्रक आले. दुष्काळामुळे सरकारला काटकसर करणे भाग आहे. सबब नव्या वर्षापासून गावोगावच्या सार्वजनिक रेडिओंना बॅटरी व दुरुस्तीसाठी सरकारी पैसा मिळणार नाही. गावाने संच स्वखर्चाने चालवावा, अन्यथा तो प्रसिद्धी खात्याकडे परत जाईल.

संध्याकाळी शेतीचा कार्यक्रम संपल्यावर श्रोता मंडळाचा निमंत्रक या नात्याने मी ते चावडीत वाचून दाखवले. मग प्रत्येक वाक्याचा अर्थ स्वतंत्रपणे सांगितला. सौ. म्हणते, नुसते वाचले असते तरी लोकांना कळले असते. असेल.

सरपंचांचे म्हणणे, "खडी फोडणाराच्या मजुरीचा हप्ता येळेवर निघंना, गान्याला कुठनं पैका आनायचा सरकारनं?" मुद्दा न्याय्य आहे. तरीही कोणी उठेना. मागून कुणीतरी विचारले, मग पुण्याचा बाजारभाव सांगणार कोण, गुर्जी का?

१६ नोव्हेंबर, गुरुवार
सातवीच्या वर्गात बॅटरी फोडून दाखवली. जस्ताचे भांडे, काळा मसाला, मधोमध कार्बनची कांडी. काम करताना कांडीभोवती अडथळा साचतो व विश्रांती मिळाली की तो बराचसा ओसरतो; म्हणून सलग वापरलेल्या बॅटरीपेक्षा थांबून थांबून वापरलेली अधिक काळ टिकते. नांगराच्या तासाच्या टोकाला बैलांना दम देतात, तसे. हे सांगताना मुलांपेक्षा मलाच जास्त आनंद होतो. हात काळे, धोतरावर डाग. सौ.ने साबण पुढे केला.

१९ नोव्हेंबर, रविवार
मंडळाची बैठक. आता हवे तेवढेच ऐकावे, मध्ये बंद ठेवावा, असे मी सुचवले. सर्वांनी माना डोलावल्या. अडचण निघाली ती काशिनाथतात्यांची. रेडिओच्या कपाटाची किल्ली व बटण फिरवण्याचा मान दोन्ही त्यांच्याकडे. पलीकडचा माणूस नमस्कार म्हणेपर्यंत तात्या रेडिओ बंद करत नाहीत. त्याने नमस्कार म्हटला की स्वतःही हात जोडतात आणि मग बटण. पण तेवढ्यात दुसरा बोलू लागतो. म्हणजे पुन्हा थांबणे आले. अशाने आमची बॅटरी आजवर झोपायच्या वेळेपर्यंत चालत आली.

"अहो, तो पुण्याला बसलेला आहे, त्याला दिसत नाही," मी समजावले.

"त्याला दिसत न्हाई, पर आमाला तर दिसतंय ना गुर्जी. मानूस बोलतोय आन् त्याचं त्वांड दाबायचं? आपल्याच चावडीत?"

शेवटी ठरले की कार्यक्रम संपत आला की तात्यांनी आधीच हात जोडून निरोप घ्यावा. आज जमले. बटण फिरवल्यावर मात्र अपराध्यासारखे पुन्हा एकदा हात जोडले.

२६ नोव्हेंबर, रविवार
काय ठेवायचे, काय गाळायचे यावर खल. बातम्या, बाजारभाव, शेती, पहाटेची भक्तिगीते: यांना कोणी हात लावू देईना. दुपारचा बायकांचा कार्यक्रम एकमताने गळाला. एकमत सोपे होते, कारण बैठकीत बाई एकही नव्हती. मीही विरोध केला नाही. वेळांचे गणित सुटले, यातच समाधान मानले.

२८ नोव्हेंबर, मंगळवार
गंगूबाई चावडीवर आली. पाझर तलावाच्या दुष्काळी कामावर बायांची टोळी आहे, तिची ही मुकादम. बायका आजवर चावडीमागच्या भिंतीला टेकून, धान्य निवडत ऐकत आल्या. पायऱ्या चढून कोणी आत आल्याचे आठवत नाही. ही सरळ आत आली आणि उभी राहिली. सरपंचांनी विचारले, काय काम काढलंस?

"काम कसलं. आमचं दुपारचं तोडलं म्हनं तुमी."

मी बॅटरीचे आयुष्य, विश्रांतीचे तत्त्व, सगळे क्रमाने सांगू लागलो. तिने पुष्कळ ऐकून घेतले. मग म्हणाली, "गुर्जी, सरकारनं रेडिओची बॅटरी तोडली. तुमची तोडायला पायजे हुती."

चावडी हसली. मीही. ती मात्र हसली नाही. "दिसभर माती वाहतो. मिस्त्री वरडतो, कारकून वरडतो, घरी आलं की घरचे. तेवढा येक कार्येक्रम, कुनीतरी आमच्याशी नीट बोलतं. आवो-जावो करतं." आणि गेली.

घरी आल्यावर सौ.ला सांगितले. ती म्हणाली, "मग? मीही तेवढ्यासाठीच घरच्या खिडकीतून ऐकते." इतक्या वर्षांत मला हे ठाऊक नव्हते.

२ डिसेंबर, शनिवार
सकाळची शाळा सुटल्यावर मुद्दाम दुपारी चावडीत बसलो. ठराव नव्या वर्षापासून लागू होणार असल्याने तात्यांनी रेडिओ लावला. ऐकायला आम्ही दोघे. त्यांतले तात्या झोपले. भिंतीमागे चिटपाखरू नव्हते. कसे असणार? सारा गाव, पुरुष आणि बायका, तलावावर. म्हणजे कार्यक्रम आम्ही गाळण्याआधीच दुष्काळाने गाळला होता! एवढी साधी गोष्ट बैठकीत एकाच्याही ध्यानात आली नाही. गंगूबाईला ती ठाऊक असणारच. मग ती भांडली कशासाठी?

सायंकाळी तिलाच विचारले. "त्यो तलावावर आना म्हनून," ती म्हणाली. "मानसं हायेत तिथं नगं का रेडिओ?"

५ डिसेंबर, मंगळवार
नियम काढून वाचले. "संच सार्वजनिक ठिकाणी, सर्वांस ऐकू येईल असा ठेवावा." चावडी असा शब्द नाही. तो आपल्या मनातला. दुसरीकडे, संच नोंदलेल्या जागेवरून हलवण्यास परवानगी लागते, असे पुढच्याच कलमात आहे. दोन्ही कलमे ग्रामसभेत वाचणे माझे कर्तव्य होते, वाचली. सरपंच म्हणाले, मग परवानगी मागा. मागितली, आणि उत्तराची वाट न पाहता सोमवारपासून संच दुपारी तलावावर नेण्याचे व संध्याकाळी चावडीत परत आणण्याचे ठरले. माझ्या स्वभावात हे बसत नाही. तरी झोप उत्तम लागली.

११ डिसेंबर, सोमवार
शाळेच्या मधल्या सुट्टीत सायकल हाणत तलावावर. संच गंगूबाईने स्वतः आणला: पाटीत गोधडी, गोधडीत रेडिओ, डोक्यावर चुंबळ. तात्या मागून किल्ली घेऊन, कपाट गावात असूनही. एरियलची तार बाभळीवरून शेवरीच्या काठीला ताणली. जमिनीत पुरायच्या तारेसाठी ओली जागा हवी होती, ती पाण्याच्या रांजणाखाली सापडली. आवाज चावडीपेक्षा स्वच्छ! कारण उघड आहे: मोकळे माळरान, आड भिंत नाही. हे मी उपस्थितांना समजावून सांगणार होतो, पण बायांनी गप्प बसवले. कार्यक्रम सुरू झाला होता.

विषय तान्ह्या मुलांचा वरचा आहार. समोर बाभळीला झोळ्याच झोळ्या.

१० जानेवारी १९७३, बुधवार
सरकारी बॅटरी संपली. वर्गणीचा प्रश्न. पुरुषांनी पुढच्या हप्त्याला बघू म्हटले. बायांच्या टोळीने हप्त्याच्या दिवशी पदर पसरला, उठायच्या आत बॅटरीपुरते पैसे जमले. सरपंचांनी टोमणा मारला, "आता रेडिओ बायांचा झाला म्हना की." गंगूबाई म्हणाली, "तुमी बी या ऐकायला. भिताडामागं जागा हाय."

सरपंचांनी रात्रीच्या बातम्यांना स्वतःहून वर्गणी दिली.

२७ जानेवारी, शनिवार
खात्याचे सुपरवायझर आले. जीपमध्ये आजूबाजूच्या गावांतून परत घेतलेले संच, पोत्यात गुंडाळून. तात्यांनी कपाट उघडून दाखवले. आत काहीच नाही. साहेबांनी माझ्याकडे पाहिले. म्हटले, कृपया माझ्याबरोबर चला, प्रत्यक्ष दाखवल्याखेरीज विवेचन अपुरे राहील.

तलावावर दुपारचा कार्यक्रम चालू होता. कोणी उठले नाही. एका बाईने पाटी पालथी करून साहेबांपुढे सरकवली, तेही मुकाट्याने बसले. संपेपर्यंत. माणूस तरुण आहे, वाईट वाटला नाही. नंतर वही काढून म्हणाले, "मास्तर, परवानगीशिवाय हलवलाय. माझ्याकडे दोनच रकाने आहेत. नोंदल्या जागी चालू, नाहीतर परत घेतला. हा मी कुठे लिहू?"

मी नियमातले कलम सांगण्यास सुरुवात केली.

"तिसरा रकाना वढा की, सायेब," गंगूबाई म्हणाली. "पट्टी गुर्जींकडं हाय."

पट्टी खरोखरच माझ्या पिशवीत होती. साहेबांनी ती घेतली, थोडा विचार केला, परत दिली. आज नेत नाही म्हणाले. वर विचारून कळवतो. मला सविस्तर खुलासा लिहून देण्यास सांगितले. सविस्तर! असे मला आजवर कोणी सांगितले नव्हते.

३ फेब्रुवारी, शनिवार
खुलासा पाठवला. सौ.ने वाचून अर्धा काढायला लावला. उरलेला अर्धा चांगला आहे.

१७ फेब्रुवारी, शनिवार
खात्याकडून काही नाही. रस्त्यावर जीपचा आवाज आला की तात्या उठून उभे राहतात.

तलावाच्या पलीकडच्या टोकाला शेजारच्या गावच्या बायांची टोळी आहे. त्यांच्या गावचा संच त्या पोत्यांमध्ये गेला. त्यांनी एक दिवस रेडिओ मागितला. गंगूबाईने दिवसाआड न्या म्हणून सांगितले. एकच अट, साहेब आला तर आधी निरोप धाडायचा. मी विचारले, निरोप आल्यावर काय करणार? "ते मंग बघू," म्हणाली.

आज संच तिकडे होता. शाळा सुटल्यावर मी अलीकडच्या भरावावर उभा राहिलो. एवढ्या लांबून एक शब्दही ऐकू येत नव्हता. पण त्या बाया पाट्या पालथ्या करून बसल्या, आणि पाहता पाहता सगळ्यांची तोंडे एकाच बाजूला, संचाकडे वळली.