जहाजावरचा मेल आणि मोबाइलची बॅटरी

९ फेब्रुवारी, सोमवार
आज पुन्हा तेच. सकाळी लाइन होती तेव्हा मोबाइल पूर्ण भरला, दुपारी गव्हाला पाणी देता देता बंद पडला. घरी येऊन लावला तर गणेशचा मेल सकाळीच येऊन पडलेला. जहाजावर फोनला रेंज नसते. तिथल्या कंप्युटरवरून मेल तेवढा करता येतो. माझा मो. बंद म्हणजे पोरगा बंद.
"बाबा, करार संपत आला. पुढच्या बंदरात उतरून घरी येऊ, की अजून सहा महिने राहू? वीस तारखेपर्यंत साहेबाला सांगावं लागते. तुम्ही दोघं निभावून नेता का, खरं लिहा."
खरं लिहा म्हणतो.
कमलला वाचून दाखवलं. "मी विहिरीपाशी पडली ते लिहू नका. दर्यात बसून तो काय करीन?"

१० फेब्रु.
शेजारच्या तुकारामच्या सुनेला बोलावलं. बचत गटाचं मोबाइलवरचं काम वैशालीच पाहते. म्हणाली, "आबाजी, फोनसोबत आलेलं ॲप जड हाय. मेल आला का, मेल आला का, सारखं पाहत राह्यते." म्हटलं, मग माझ्यावरच गेलं.
तिने दुसरं हलकं टाकून दिलं. पासवर्ड आठवेना. गणेशने जाताना कॅलेंडरवर लिहिला होता, ते कॅलेंडर कमलने तेलाच्या डब्याखाली अंथरलेलं. अक्षरं वाचता आली, नशीब.
मग विचारते, मेल कधी पाहायचा ठेवू? दर पंधरा मिनिटांनी, तासाने, की आपण बोटाने ओढू तेव्हाच? काही ठरेना. पंधरा मिनिटं ठेवावी तर बॅटरी संपणार. ओढू तेव्हाच ठेवावं तर मेल येऊन बसायचा आणि आपल्याला...
"लवकर सांगा आबाजी, तिकडं माही भाजी लागून राह्यली."
तासाने म्हटलं.

१२ फेब्रु.
बॅटरी दुपारपर्यंत पुन्हा संपली. नवं ॲपही तसलंच, असं वैशालीला म्हटलं. तिने आत कुठे कोण किती बॅटरी खातं ते उघडून दाखवलं. मेलचं ॲप पार तळाशी. सगळ्यात वर स्क्रीन.
"ॲप नाही खाऊन राह्यलं आबाजी, तुम्हीच खाऊन राह्यले. किती खेपा उघडून पाहता?"
कमल चुलीपासून म्हणाली, "माह्यं तोंड लग्नात नाही पाह्यलं इतकं."
राग आला. बांधावर बसून विचार केला तर खरं निघालं. 'आपण ओढू तेव्हाच' करून घेतलं. नेटही बंद ठेवायचं. सकाळी एकदा पाहायचं, सांजेला एकदा. बस.

१३ फेब्रु.
उत्तर लिहिलं. "तू राहा. आमचं दोघांचं चांगलं आहे. गहू ओंबीवर आला." यात गव्हाचं तेवढं खरं. 'पाठवा' दाबलं आणि मोटर बंद करतो तसं लगेच नेट बंद केलं.
बॅटरी सांजेपर्यंत पुरली. जीव थाऱ्यावर नाही.

१६ फेब्रु.
गणेशचं काही नाही. सकाळ-सांज ओढून पाहतो.
कमल हंडा उतरवून भिंत धरून उभी होती. विचारलं तर म्हणे काही नाही. ये म्हटलं असतं तर पोराची वाट आपण अडवली असती. राहा म्हटलं, आणि हिला काही झालं तर? म्हणेल, मी विचारलं होतं ना बाबा.

१९ फेब्रु.
वैशालीला दाखवलं. माझा मेल गेलाच नाही. आउटबॉक्समध्ये पडून आहे.
"दाबल्या दाबल्या नेट बंद केलं असन तुम्ही. त्याले जायले तर वेळ द्या. एकदा अडकला की आपणहून जात नाही, पुन्हा दाबा लागते."
उद्या वीस. तिने बोट नेलं, "आता पाठवून देऊ काय?"
थांब म्हटलं. पेटीत टाकलेलं पत्र आजवर कधी परत हाती आलं नव्हतं.
कमल दारात येऊन उभी. "काऊन थांबवलं तिले?"
"तू पडली ते लिहितो."
सुपातल्या हरभऱ्यातले खडे वेचत राहिली. मग म्हणाली, "लिहा. पण तुमच्या गुडघ्याचंही लिहा. माह्यं एकटीचंच काऊन?"
जुना मेल काढून टाकला. नवा लिहिला: "तुझी आई विहिरीपाशी पडली होती. चालते, पण भिंत धरून. माझ्या गुडघ्यांची सूज उतरत नाही, बसलो की उठवत नाही. गहू चांगला आहे. तू नाही आला तरी राग नाही. आता तू ठरव."
गोल गोल फिरत राहिलं. नेटला हात लावला नाही. गेला.

२० फेब्रु., शुक्रवार
सकाळी ओढून पाहिलं. काही नाही. त्याने वाचला की नाही हे इथून कळत नाही, असं वैशाली म्हणते. तो आहे तिथे वीस तारीख कधी संपते तेही माहीत नाही.
लाइन गेलेली. बॅटरी अर्ध्यावर. तरी नेट चालू ठेवलं आणि पंधरा मिनिटांवर मीच केलं, कोणाला न विचारता. मो. ओट्यावर पालथा ठेवला. पाहायचं काम आता त्याचं. मी नाही पाहत.
विळा घेऊन हरभरा सोंगायला निघतो. कमल ओट्यावरच बसली आहे. मघाशी तिनेच हळूच उलटून पाहिला.